सबनिसांचं शुद्धिपत्रक

शेअर बाजाराच्या एक्स्चेंजला एका दमात चाळीस-बेचाळीस ऑर्डरी पाठवायच्या, हे खूळ मुरलीधर सबनिसांच्या डोक्यात आपणहून शिरलं नव्हतं. ते वरच्या मजल्यावरून खाली आलं. गाझियाबादच्या त्या सोसायटीत बऱ्याच गोष्टी वरच्या मजल्यावरून खाली येत, बाथरूमच्या पाण्यासकट, आणि वरच्या मजल्यावर भसीन राहत.

नीलाताईंनी नवऱ्याला फक्त आवरायला सांगितलं होतं. दिल्लीतल्या केंद्र सरकारच्या कचेरीतून सबनीस निवृत्त झाले तेव्हापासून घरातलं सगळं आवरून झालं होतं. माळा झाला, बाल्कनी झाली, लग्नात आलेली भांडी झाली. राहिले होते ते शेअर. एके काळी कचेरीतला प्रत्येक माणूस दिसेल त्या पब्लिक इश्यूला अर्ज टाकायचा, तसे सबनिसांनीही टाकले होते. बायकोच्या नावाने अर्ज केला की शेअर लागतो, हे कचेरीत पक्कं ठरलेलं असल्यामुळे सगळे अर्ज नीलाताईंच्या नावे गेले. कुठे दहा लागले, कुठे पंधरा. त्यातल्या काही कंपन्या टायर बनवत होत्या आणि काहींनी टायर बनवण्याचा मानस व्यक्त केला होता. आता या सगळ्यांच्या वार्षिक सभांची निमंत्रणं नीलाताईंच्या फोनवर येऊन पडत, आणि मुलीने, म्हणजे पूर्वीने, बंगळुरूहून पाठवलेला नातीचा फोटो त्या ढिगाखाली गाडला जाई. असा एक फोटो चार दिवसांनी सापडला, तेव्हा नीलाताईंनी हुकूम काढला.

"सगळं विकून टाका," त्या म्हणाल्या. "फक्त बाबांच्या कंपनीला हात लावायचा नाही."

बाबा म्हणजे तात्याराव, सबनिसांचे दिवंगत सासरे. सांगलीकडच्या कडेगावकर पंप्स या कारखान्यात ते फोरमन होते. निवृत्तीच्या वेळी कंपनीने त्यांना पंचवीस शेअर दिले. ते त्यांनी मुलीच्या नावावर केले, आणि करताना जावई समोर बसलेला असूनही कारण मोठ्याने सांगितलं, "मुरलीधररावांकडे कागद नीट राहतात. वस्तू राहत नाहीत."

याला छत्री कारणीभूत होती. तात्याराव दिल्लीला आले की जावयाच्या एका खोलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये कधी उतरले नाहीत. आमदाराची चिठ्ठी आणून ते कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात राहत आणि तिथलं पिठलं खात. अशाच एका मुक्कामात, निघताना पाऊस आला म्हणून, त्यांनी जावयाला आपली स्वतःची, लाकडी मुठीची छत्री दिली. दिल्लीत वर्षाकाठी पाऊस तो केवढा, पण तेवढ्यात सबनिसांनी ती बसमध्ये विसरून दाखवली. त्यानंतर तात्यारावांनी जावयाच्या हातात कधीही काही दिलं नाही. दिवाळीचा सदराही ते मुलीकडे देत, आणि मुलगी तो नवऱ्याला देई. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली तरी सबनिसांच्या मनातून ही गोष्ट जात नव्हती. म्हणून या वेळी त्यांनी शब्द दिला आणि तो मनापासून दिला. कडेगावकर पंप्सच्या केसालाही धक्का लागणार नव्हता.

सुरुवात त्यांनी फोनवरूनच केली. पण फोनच्या पडद्यावरचं विक्रीचं बटण बोटाएवढं होतं आणि खरेदीचं त्याला खेटून होतं. पहिल्याच दिवशी एका साखर कारखान्याचे दहा शेअर विकायचे ते वीस झाले. सबनीस लिफ्टमध्ये ही कैफियत स्वतःशीच मांडत असताना भसीन आत शिरले. भसीन यांचा फरीदाबादला ट्रान्सफॉर्मरचा कारखाना होता, तो आता मुलगा बघत असे, आणि भसीन उरलेल्या जगाकडे बघत.

"सबनीस साहब, एक-एक करके कब तक बेचोगे? एपीआई से मारो. पूरा बैच एक साथ."

लिफ्ट खाली पोचली तरी हे समजेना, तेव्हा भसीन यांनी ती पुन्हा वर नेली आणि समजावून सांगितलं. आपण रेस्टॉरंटमध्ये बसलो आहोत असं धरायचं. एक्स्चेंज हे स्वयंपाकघर. आपण काही स्वयंपाकघरात जात नाही. वेटर येतो, आपण सांगतो, तो आत जाऊन देतो. तो वेटर म्हणजे एपीआय. ब्रोकरकडून एक साधन मिळतं, त्यात आपली यादी टाकायची, की वेटर अख्खी यादी एकदम घेऊन जातो.

सबनिसांना शेअर बाजार कळत नव्हता, पण वेटर कळत होता. वेटर सगळं ऐकून घेतो आणि जाण्यापूर्वी परत वाचून दाखवतो. डोशात कांदा नको म्हटलं तर तेही लिहून घेतो. त्यांनी भसीन यांना विचारलंही की वेटर सगळ्या सूचना घेतो ना. भसीन म्हणाले, बिल्कुल, जे सांगाल ते घेतो. एवढ्या एका उत्तरावर सबनीस निश्चिंत झाले, आणि पुढचा सगळा घोटाळा या निश्चिंतीतून झाला.

आधी कायम होण्याचा प्रश्न आला. घरातल्या इंटरनेटचा नंबर म्हणे रोज बदलतो, आणि ब्रोकरला न बदलणारा नंबर हवा होता, तोही आधी नोंदवलेला. या अटीबद्दल सबनिसांना आदरच वाटला. ते स्वतः नोकरीत पहिली नऊ वर्षं हंगामी होते आणि कायम होणं म्हणजे काय असतं ते त्यांना माहीत होतं. इंटरनेटवाल्याच्या दुकानात ते तीन प्रतींत अर्ज घेऊन गेले. दुकानातल्या बाई म्हणाल्या, अंकल, अर्ज नकोय, पैसे भरा, नंबर कायम होईल. सबनीस म्हणाले, पैसे भरतो, पण अर्जावर पोच द्या. बाईंकडे शिक्का नव्हता. सबनीस हलेनात आणि मागे रांग वाढली. शेवटी शेजारच्या केमिस्टचा शिक्का आणून अर्जावर मारला गेला. त्यावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं लिहिलेलं होतं. सबनिसांनी ती प्रत जपून फाइलला लावली.

मग ओटीपी आला. खरं तर आला नाही, आणि तीच पंचाईत होती. हे साधन रोज सकाळी तुम्हाला विसरत असे. रोज नव्याने ओळख पटवावी लागे, आणि ओळखीचा आकडा येई नीलाताईंच्या फोनवर, कारण खातं त्यांचं होतं. नीलाताई त्या वेळी सोसायटीच्या बागेत अलकनंदा मॅडमच्या योगवर्गात असत, आणि फोन एका पिशवीत, पिशवी सगळ्या बायकांच्या चपलांपाशी. सबनीस बागेत पोचले तेव्हा वर्ग शवासनात होता. त्यांनी चपलांमधून वाकून पिशवी शोधायला घेतली, तशी अलकनंदा मॅडमनी डोळे न उघडता विचारलं, "कौन है?" त्यावर सगळी शवं उठून बसली. आकडा मिळाला, पण तो घेऊन घरी यावं तर लिफ्टमध्ये कोणाचा तरी फ्रिज चालला होता. जिन्याने वर येईतो आकड्याची मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी असं ठरलं की नीलाताईंनी बागेतूनच आकडा मोठ्याने सांगायचा आणि सबनिसांनी बाल्कनीत उभं राहून ऐकायचा. त्या ओरडल्या. मधे वारा होता म्हणून गेटवरच्या पहारेकऱ्याने तोच आकडा हिंदीत पुन्हा ओरडून सांगितला. बँक दर आठवड्याला कळवत होती की हा आकडा कोणालाही सांगू नका. त्या दिवशी तो अख्ख्या सोसायटीला माहीत होता, पण साधनाने सबनिसांना आत घेतलं, तेवढं खरं.

आता यादी. यादी हा सबनिसांचा प्रांत. इतके दिवस जे चाललं होतं त्यात ते चाचपडत होते, पण रकाने पाहिल्यावर त्यांना हायसं वाटलं. नमुन्यात रकाने होते: कंपनी, खरेदी की विक्री, संख्या, भाव. शेऱ्याचा रकाना नव्हता. सबनिसांना वाटलं, करणाऱ्याकडून राहून गेला असेल. शेऱ्याशिवाय यादी ही गोष्ट त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. वरचे साहेब बाकीचे रकाने वाचतच नसत, थेट शेरा वाचून सही करत. तेव्हा त्यांनी शेवटी एक रकाना स्वतः आखला.

आणि यादीत त्यांनी कडेगावकर पंप्सही घातलं. इथे कोणी म्हणेल की विकायचंच नव्हतं तर घालायचं कशाला. हा प्रश्न ज्याने सरकारी नोकरी केली नाही त्याला पडतो. यादी ही संपूर्ण असावी लागते. वगळलेलं नाव तपासणीत सापडतं आणि मग खुलासे मागवले जातात. म्हणून सबनिसांनी सगळ्यात शेवटी कडेगावकर पंप्स लिहिलं, संख्या पंचवीस लिहिली, रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून इतरांसारखंच विक्री लिहिलं, कालचा भाव लिहिला, आणि पुढे शेरा मारला: 'सदर शेअर्स विकू नयेत. कौटुंबिक बाब.' त्याखाली त्यांना रेघ ओढायची होती, पण ती ओढता आली नाही.

यादी त्यांनी साधनात टाकली. खाली एक बारीक, राखाडी ओळ उमटली, की अनोळखी रकाना सोडून दिला आहे. राखाडी रंगात महत्त्वाचं काही लिहीत नाहीत या समजुतीने सबनिसांनी ती वाचली नाही. बाजार उघडला. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि बटण दाबलं. बॅच स्वीकारली, असं हिरव्या अक्षरांत आलं.

सबनीस वाट पाहत बसले. वेटर आता परत वाचून दाखवेल, मग आपण हो म्हणू, मग तो आत जाईल. वेटर काही बोलला नाही. पडद्यावर मात्र एकेका कंपनीपुढे 'पूर्ण' असं उमटू लागलं. टायर गेले, साखर गेली, टायरचा मानसही गेला. पापणी लवायच्या आत चाळीस वर्षांचा संसार विकला गेला आणि सबनिसांना नेमकं काय झालं ते कळेना. मग त्यांची नजर तळाशी गेली. कडेगावकर पंप्स, विक्री, पंचवीस. पुढे लिहिलं होतं, 'प्रलंबित'.

शेरा कोणी वाचलाच नव्हता. कांदा नको म्हणून सांगितलेला डोसा कांद्यासकट आत गेला होता.

प्रलंबित हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. प्रलंबित म्हणजे झालेलं नाही, पण कोणत्याही क्षणी होऊ शकतं, बहुधा आपण जेवायला गेलो असताना. त्यांनी भसीन यांना फोन लावला, तर ते दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते आणि त्यांच्याकडून नुसते स्वर आले. पूर्वीला लावला, तर ती मीटिंगमध्ये होती. पडद्यावर त्या ओळीसमोर 'रद्द' असं एक बटण होतं. सबनिसांना ते दिसलंही. पण त्यांच्या नोकरीत एकदा आवक-जावकमधून गेलेला कागद कोणी मागे घेतला नव्हता. गेलेला कागद गेला. चूक झाली असेल तर त्यावर एकच कायदेशीर उपाय असतो, तो म्हणजे शुद्धिपत्रक काढणं. आधीच्या कागदाचा संदर्भ द्यायचा आणि उलट मजकुराचा दुसरा कागद पाठवायचा.

विक्रीचा उलट मजकूर खरेदी. म्हणजे पंचवीस शेअर त्याच भावाने परत घ्यायचे. नीलाताईंच्या खात्यात विक्रीचे पैसे अजून यायचे होते आणि त्यांच्याकडे मागायचे तर सगळं सांगावं लागलं असतं. पण त्याच ब्रोकरकडे सबनिसांचं स्वतःचंही एक खातं होतं. कधी काळी स्वाभिमानापोटी उघडलेलं, आत एकही शेअर नाही, फक्त थोडे पैसे. त्याचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येई. तेव्हा बागेत न जाता, कोणाला न उठवता त्यांनी एका ओळीची बॅच तयार केली आणि पाठवली. आश्चर्य म्हणजे क्षणात 'पूर्ण' आलं. आणि सोन्याहून पिवळं म्हणजे आधीच्या यादीतली प्रलंबित ओळही नाहीशी होऊन तिथेही 'पूर्ण' आलं. आता मात्र सबनीस पुरते गोंधळले. पण दोन्हीकडे पूर्ण म्हणजे हिशेब मिटला असावा, असं त्यांनी ठरवलं आणि ते वरण-भात जेवले.

दुपारी नीलाताई नातीचा फोटो शोधायला फोन घेऊन बसल्या. मग त्या खोलीतून बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"अहो, बाबांचे शेअर विकले गेलेत."

सबनिसांनी ताबडतोब सांगितलं की विकले गेले तरी परत घेतलेले आहेत, शुद्धिपत्रक निघालेलं आहे. नीलाताईंना यातलं काही कळलं नाही. सबनिसांनाही, सांगता सांगता, आपल्याला फारसं कळलेलं नाही हे कळत गेलं. एवढ्यात बंगळुरूहून पूर्वीचा फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि दोघांचे मेसेज वाचून दाखवायला लावले.

"बाबा, यार, एक मिनट. ती कंपनी कोणी घेतच नाही. सकाळपासून तिथे एकच विकणारा होता, ती आई. आणि मग एकच घेणारा आला, तो तुम्ही."

"म्हणजे मी कोणाकडून घेतले?"

"आईकडून. तुम्ही काही केलं नसतं ना, तर बाजार बंद झाल्यावर आईची ऑर्डर आपोआप कॅन्सल झाली असती. तुम्ही घेतले म्हणून विकले गेले."

सबनीस म्हणाले की आपण यादीत स्पष्ट शेरा मारला होता. पूर्वीने विचारलं, शेरा म्हणजे काय. ती दिल्लीत वाढली होती, तिला हा शब्दच ठाऊक नव्हता. रिमार्क्स, असं सबनिसांनी सांगितल्यावर ती म्हणाली की अच्छा, तो कॉलम कोणी वाचत नाही, आणि तिला दुसरी मीटिंग आहे. ज्या एका रकान्यावर आपली अख्खी नोकरी उभी होती तो आता कोणी वाचत नाही, हे मुलीने त्यांना इतक्या सहजपणे सांगितलं की त्यांना राग येण्याचंही सुचलं नाही.

भारतासारख्या एवढ्या मोठ्या देशात तात्यारावांचे पंचवीस शेअर घ्यायला एकही माणूस तयार नव्हता. ते जिथे होते तिथे संध्याकाळपर्यंत सुखरूप राहिले असते. जगात ते फक्त एकाच माणसापासून सांभाळायचे होते आणि तात्यारावांनी त्याला पहिल्याच छत्रीत ओळखलं होतं. सबनिसांना मनापासून लाज वाटली. सासऱ्यांचा राग त्यांनी इतकी वर्षं धरला होता, आणि आता कळत होतं की माणूस बरोबर होता.

नीलाताई सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. टीपॉयवर दोन्ही फोन शेजारी शेजारी पडले होते. एकावर विकल्याचा मेसेज होता, दुसऱ्यावर घेतल्याचा, दोन्हींवर संख्या तीच, भाव तोच आणि वेळ तीच.

"म्हणजे बाबांचे शेअर आता तुमच्या नावावर?"

"उद्या येतील खात्यात. आल्याबरोबर तुला परत देतो. त्याचा अर्ज असतो. मी आजच भरून ठेवतो." सबनीस उठलेसुद्धा.

"बसा."

ते बसले. नीलाताई रागावल्या असत्या तर सबनिसांना बरं वाटलं असतं, कारण रागाला काय उत्तर द्यायचं ते त्यांचं ठरलेलं होतं.

"बाबा शेवटी दवाखान्यात होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा एकदा तुमचं नाव काढलं होतं. म्हणाले, छत्रीचं मी फार लावून धरलं. मुरलीधररावांना आपल्या हाताने काहीतरी द्यायला हवं. मी म्हटलं, द्या ना. तर म्हणाले, घरी गेल्यावर देतो." त्यांनी दोन्ही फोन पालथे ठेवले. "घरी आलेच नाहीत. मग तुम्हाला नुसतं सांगून काय करायचं, म्हणून नाही सांगितलं."

सबनिसांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. खाली पहारेकरी कोणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होता. वरच्या मजल्यावर भसीन दाताच्या डॉक्टरकडून परत आले होते आणि खुर्च्या सरकवत होते. थोड्या वेळात ते खाली येऊन बॅचचं काय झालं हे विचारणार, यात शंका नव्हती.

"राहू देत तुमच्याच नावावर," नीलाताई म्हणाल्या. "मी परत घेणार नाही."

अशा वेळी माणसाने काय म्हणायचं असतं याचा सबनिसांना सराव नव्हता, म्हणून ज्याचा सराव होता तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"हे लेखी देशील?"

"नाही," नीलाताई म्हणाल्या. "तोंडीच देतेय. हरवून दाखवा."